पासावरची तारीख

सोमवार, २ मार्च

७.१० दूध. ७.४० पेपर. ८.०५ चष्मा हरवला.

कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षे वही लिहिली. कोण आत आले, किती वाजता, कोणाकडे, बाहेर कधी गेले. त्यामुळे वेळ टाकल्याशिवाय काही घडले असे मला वाटतच नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. अक्षर बरे म्हणून फाटकावर घेतले. आता फाटक नाही, ही नाही, मुले आपापल्या घरी. वही मात्र चालू आहे.

चष्मा अर्धा तास शोधला. उशीखाली, पेपराखाली, डोक्यावर. ८.३५ ला समोरच्या बाई आल्या. या निवृत्त शिक्षिका, सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. दारातूनच म्हणाल्या, "नाना, फ्रीजवर बघा."

फ्रीज हॉलमध्येच आहे. बघितले. होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं पोरांच्या पेन्सिली शोधून दिल्यात मी," म्हणाल्या आणि गेल्या. फार हुशार बाई.

८.५० ला निळा शर्ट घातला आणि डबीसमोर बसलो. डबी म्हणजे शोकेसवर ठेवलेली, साबणाच्या डबीएवढी वस्तू. तिला एक डोळा आहे. गेल्या वर्षी जानेवारीत थोरला परत जाताना बसवून गेला. माझे चित्र त्याला त्याच्या शहरात दिसते. रोज नऊला ऑफिसला निघताना बघतो असे त्याने सांगितले आहे, म्हणून मी नऊ ते नऊ दहा नीट बसतो. चेहरा आनंदी ठेवतो. नंतर शर्ट खुंटीला आणि मी बनियनवर.

त्याची अट साधी आहे. चित्र येत राहिले पाहिजे. आले नाही तर मी त्यांच्याकडे राहायला जायचे. त्यांच्याकडे एक खोली आहे, तिच्यात चालायचे यंत्र आहे, त्यावर ते कपडे वाळत घालतात. पंधरा दिवस राहून आलो आहे. सूनबाई चांगली आहे. खिडकी उघडू देत नाही, कप कुठे ठेवायचा ते सांगते, आणि मी खोकलो की सगळे बोलायचे थांबतात. मला तिथे जायचे नाही. हे मी वहीतच लिहू शकतो.

२.०० सगळे प्लग काढले. टीव्ही, मिक्सर, डबी. कारखान्याच्या गोदामाला आग लागली ती एका प्लगमुळेच. अर्ध्या तासाने परत लावतो. हे कोणाला सांगितलेले नाही, उगाच म्हातारा भित्रा म्हणतील.

बुधवार, ४ मार्च

१२.४० भात करपला. खिडक्या बंद होत्या, दार बंद होते. १२.४६ ला तळमजल्याचा शिंपी ताटलीत पाव आणि दोन उकडलेली अंडी घेऊन हजर.

"भात गेला ना, नाना?"

"खाली वास आला?"

"आला की."

शिंप्याला पंधरा दिवस सर्दी आहे, नाकातून बोलतो. त्यालाही वास आला म्हणजे भात फारच करपला असणार. या वयात लक्ष राहत नाही याची काळजी वाटते.

जाताना म्हणाला, "तुमच्या त्या निळ्या शर्टाची कॉलर उलटवून देतो. रोज रोज बघवत नाही."

"मी तर तो घालून खाली येतच नाही."

"शिंप्याची नजर हो," म्हणाला आणि जिना उतरला.

शनिवार, ७ मार्च

१०.१५ बेबी आली. माझी धाकटी. वय त्रेचाळीस, पण नाव पडले ते पडले. चित्रे हलती दाखवणारे प्रोग्रॅम लिहिते. मोठ्या कंपनीत आहे. एक शनिवार सोडून येते.

१०.५० ला ब्लाउजची बाही घट्ट करून घ्यायला शिंप्याकडे गेली. ११.०५ ला परत आली. चेहरा लालबुंद, ब्लाउज तसाच हातात.

"काय झालं? बिघडवला का त्याने?"

"बाही मरू दे, नाना." तिने टेबलावरचा रुमाल उचलला आणि डबीवर टाकला. "तुम्ही कपडे इथेच बदलता?"

"मग कुठे बदलू? पंखा इथे आहे."

ती खुर्चीत बसली आणि डोके धरून राहिली. मी पाणी दिले. मग म्हणाली, चित्र सुरक्षित नाही. पोस्टकार्डासारखे उघडे जाते आहे. सगळ्या बिल्डिंगला इंटरनेट एकच, त्यामुळे वाटेत कोणीही वाचू शकेल.

"कोणी वाचतं का?"

"वाचू शकेल," म्हणाली. "एवढंच."

माझे पोस्टकार्ड कोण वाचणार? त्यात असते काय? पण शिंप्याचे नाव काढले की ती पुन्हा लाल होत होती, म्हणून मी वाद घातला नाही.

तिने थोरल्याला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. थोरला मोठ्या हुद्द्यावर आहे, घरीही मुद्द्यांत बोलतो.

"सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर माझी भूमिका स्पष्ट आहे. महिनाअखेरपर्यंत सुटलं तर ठीक. नाहीतर एक तारखेला नानांना इकडे आणू. खोली तयारच आहे."

"दादा, तू रोज बघतोस ना रे?"

"म्हणजे काय! आजच बघितलं. सोफ्यावर बसले होते."

सोफा ऑक्टोबरमध्ये ढेकणांमुळे काढून टाकला. पण खुर्ची रुंद आहे, लांबून सोफा वाटत असेल. बेबी माझ्याकडे बघत होती. मी तिला खुणेने गप्प राहायला सांगितले.

सोमवार, ९ मार्च

बेबीने चार दिवस सुट्टी काढली. रात्री इथेच राहते. जावई शहाणा आहे, एका शब्दाने बोलला नाही.

काम काय ते तिने मला समजावले. डबीच्या आत चित्र पाठवणारी एक लायब्ररी असते. पुस्तके नसतात; कारागिराच्या पेटीसारखी, लागतील ती अवजारे आधीच करून ठेवलेली. डबी बनवणाऱ्यांनी ती पेटी हलकी राहावी म्हणून कुलूप लावायचे अवजारच आत घातले नाही. आता ती पूर्ण मोडून, कुलपाचे अवजार घालून, परत बांधायची. याला ती बिल्ड म्हणते. डबी छोटी, तिचा जीव छोटा, म्हणून बांधायला पाच तास.

१०.३० ला सुरू. तिच्या संगणकावर ओळी धावू लागल्या. मुंग्यांची रांग उठावी तशा. मी खुर्ची ओढून बघत बसलो. पांढऱ्या ओळी चांगल्या, पिवळ्या चालतात, लाल आली की बेबी तोंडाने "च्" करते. बारापर्यंत अकरा वेळा च्. दोन अवजारे एका वयाची नसली की एकमेकांत बसत नाहीत म्हणे.

१.५५ डबीला हात लावून बघितला. आत्ताच उकडलेल्या अंड्यासारखी गरम. बेबी स्वयंपाकघरात तिच्या साहेबांशी फोनवर बोलत होती. गोदामाच्या प्लगलाही आधी असाच चटका लागला होता. मी सांगितले होते, कोणी ऐकले नव्हते.

२.०० प्लग काढला.

बेबी आली आणि संगणकाकडे बघत राहिली. "त्रेसष्ट टक्के झालं होतं," म्हणाली. "लाइट गेले होते का?"

"गेले असतील."

तिने पहिल्यापासून लावले. मी आत जाऊन पडलो. झोप आली नाही.

मंगळवार, १० मार्च

११.२० बिल्ड पूर्ण. एकही लाल ओळ नाही. बेबीने दोन्ही हात वर केले, लहानपणी धावण्यात पहिली यायची तेव्हा करायची तसे.

आता चित्र पाकिटात घालून, लाखेची मोहर मारून जाणार. उघडायचे तर पास दाखवावा लागेल. डबी आधी पास तपासणार: खरा आहे का, कोणाच्या सहीचा, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत.

"म्हणजे फाटक," मी म्हणालो.

"फाटकच."

"आणि तारीख उलटली तर परत पाठवते?"

"तारीख सुरू झाली नसेल तरी परत पाठवते."

मी तिला आमच्या तपासनिसांची गोष्ट सांगितली. मोठे साहेब, गाडीतून आले, पास उद्यापासूनचा. मी म्हणालो, उद्या या. रागावले, फोन केले. मी म्हणालो, साहेब, पास खरा आहे, तुम्ही खरे आहात, दिवस खोटा आहे. गेले परत.

बेबी म्हणाली, "नाना, आमच्या ऑफिसात हे इतक्या पटकन कोणालाच कळलं नव्हतं."

फार बरे वाटले. एकतीस वर्षांत मुलांनी माझ्या कामाबद्दल कधी काही विचारले नव्हते.

पास दोन काढले. एक बेबीचा, एक थोरल्याचा.

२.०० बिचारी डबी दीड दिवस राबली होती. अर्धा तास विश्रांती दिली. बेबी खाली भाजी आणायला गेली होती.

२.३५ लाल ओळ. बेबीने वाचून दाखवली: पास अजून सुरू झालेला नाही.

"असं कसं? सकाळी चालला की."

मलाही नवल वाटले. आत कोणी तरी मूर्ख बसला आहे, त्याच्यापुढचे कॅलेंडर चुकले आहे. माझ्या फाटकावर असता तर मी त्याला दुसऱ्याच दिवशी काढला असता.

बुधवार, ११ मार्च

सकाळी आपोआप बरे झाले. बेबी खूश. २.०० विश्रांती. २.३५ ला पुन्हा तेच.

ती दिवसभर बसून आहे. सगळी पेटी मोडून दुसऱ्या जातीचे कुलूप घालून बघितले. जेवली नाही. "सकाळी चालतं, दुपारी अडतं. ऊन लागतं का याला?" म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "नाना, तुम्ही प्लगला हात लावता का?"

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

एकतीस वर्षे वहीत खोटी नोंद केली नाही. इथेही करत नाही. तोंडाने खोटे बोललो.

गुरुवार, १२ मार्च

आज दोन वाजता प्लग काढला नाही. दोन ते अडीच डबीसमोर पाण्याची बादली घेऊन बसलो. काही पेटले नाही. चित्रही अडले नाही. प्लगचा काही संबंध असेल का? अर्ध्या तासाच्या विश्रांतीने पासाला काय होणार? तरी यापुढे हात लावायचा नाही असे ठरवले. आग परवडली, चालायचे यंत्र नको.

संध्याकाळी बेबी म्हणाली, "उष्णतेचंच असणार." सुट्टी संपली. प्लगवर लाल चिकटपट्टी मारून गेली. जाण्याआधी एक सोय केली: पासाचे फाटक अडलेच तर चित्र जुन्या उघड्या रस्त्याने जाईल, म्हणजे दादाला काळा पडदा दिसणार नाही.

"तात्पुरतं आहे हं, नाना. खरं कारण सापडलं की बंद करणार."

आमच्या कारखान्याचे मागचे फाटकही तात्पुरतेच होते. बावीस वर्षे होते.

शनिवार, १४ मार्च

९.०० निळा शर्ट. आता सुरक्षित बसलो.

११.१० सेक्रेटरी आले. बिल्डिंगचे इंटरनेट, पाणी आणि जिन्यातला दिवा हे त्यांच्या ताब्यात असते. "तुमच्याकडे काही बदल केलेत का? मंगळवारपासून बऱ्याच घरांची तक्रार आहे. टीव्हीवरचं एक चॅनेल गेलं."

"कोणतं?"

"असंच एक," म्हणाले. "घरगुती स्वरूपाचं. माझी आई बघायची."

मी म्हणालो, मला टीव्हीतले कळत नाही. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "खुर्ची खिडकीकडे सरकवलीत वाटतं," म्हणाले आणि गेले. माझ्या घरात ते आज पहिल्यांदा आले.

सोमवार, १६ मार्च

दार उघडले तर समोरच बाई भेटल्या. "बरे आहात ना? दिसला नाहीत चार दिवस."

मी तर चार-चार दिवस दिसत नाहीच, घरातच असतो. तरी बरा आहे म्हणालो. त्या आपल्या दाराशी गेल्या, परत वळल्या. मग म्हणाल्या, "गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नाही."

हे डॉक्टरांनी त्यांना का सांगितले?

मंगळवार, १७ मार्च

चष्मा दोन तास सापडला नाही. फ्रीजवर होता.

भात करपला. दार उघडून ठेवले, वास खाली जावा म्हणून. कोणी आले नाही. शिंप्याची सर्दी वाढली असेल.

आत: कोणी नाही. बाहेर: कोणी नाही. अशी नोंद मी नोकरीत फक्त संपाच्या वेळी केली होती.

शुक्रवार, २० मार्च

कालचे आज लिहितो. पाय उशीवर आहे.

काल नऊचे बसणे झाले. भिंतीवरचे घड्याळ मागे पडत होते म्हणून ९.२० ला स्टुलावर चढून ते उतरवले, सेल काढला, आणि स्टूल सरकले. मी जमिनीवर, घड्याळ छातीवर, पाय अंगाखाली. फोन टेबलावर. घड्याळात सेल नसल्यामुळे पुढच्या वेळा देता येत नाहीत, याबद्दल दिलगीर आहे.

डबीच्या बरोबर समोर पडलो होतो. मनात आले, थोरल्याला दिसेल. पण तो नऊला बघतो. मी वीस मिनिटे उशिरा पडलो. चूक माझी. दोन हाका मारल्या, पण पंखा मोठ्याने चालतो. ऊन एका फरशीवरून दुसरीवर गेले, मग तिसरीवर. तहान लागली. हिची आठवण आली. ती असती तर आधी रागावली असती, मग पाणी दिले असते.

टेबलाचा पाय धरायला गेलो तर हाताला वायर लागली. ओढली ती डबीची निघाली. चिकटपट्टीसकट प्लग बाहेर.

तेव्हा मात्र मी घाबरलो. पडलो याचे नाही. काळा पडदा दिसणार, थोरला म्हणणार चित्र येत नाही, आणि एक तारखेला खोली. कोपरांवर सरकत भिंतीपर्यंत गेलो. किती वेळ लागला माहीत नाही. प्लग लावला. डबीचा दिवा लाल झाला, मग हिरवा. मग मी डोके फरशीवर टेकले. काम झाले होते.

थोड्याच वेळात जिन्यात पावले. बाईंनी त्यांच्याकडे ठेवलेली माझी जादा किल्ली लावून दार उघडले. मागे शिंपी, गळ्यात मापाची टेप. मागे त्याची बायको, एका पायात चप्पल.

"हलू नका, नाना," बाई म्हणाल्या. वर्गात बोलायच्या तशा.

"पडल्याचा आवाज आला का?"

"आला, आला," तिघेही म्हणाले.

शिंपी बायकोला म्हणाला, "आठ दिवसांनी दिसले, आणि दिसले तर हे असे." तिने त्याला कोपराने ढोसले. पण खरेच आहे, मी आठ दिवस खाली उतरलो नव्हतो.

बाईंनी पाणी दिले. घोटभरच, मग आणखी घोटभर. मी वेळ विचारली. ११.५०.

हाड शाबूत आहे. घोटा मुरगळला, तीन आठवडे पट्टी. डॉक्टरांनी विचारले, किती वेळ पडून होता. मी म्हणालो, अडीच तास. बाईंनी तोंड फिरवले.

शनिवार, २१ मार्च

बेबी गुरुवारी संध्याकाळीच आली. रडली नाही, डबी उघडून बसली. डबी स्वतःची वही ठेवते हे मला माहीत नव्हते. कोण आले, कधी आले, का परत पाठवले, सगळे. मला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"नाना, गुरुवारी अकरा बेचाळीसला ही डबी बंद होऊन सुरू झाली. आणि त्याआधीच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार, बरोबर दोन वाजता. चौदा महिन्यांत किती वेळा ते सांगू का?"

सांगून टाकले. आग, गोदाम, अंड्यासारखी गरम, सगळे. ती आधी हसली. मग तोंडावर ओढणी धरली, तेव्हा हसते की काय ते कळेना.

कारण असे. डबीत घड्याळ आहे पण त्याला सेल नाही. प्लग काढला की तारीख विसरते, आणि पहिल्यांदा बसवली त्या दिवसावर जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला इंटरनेटवर विचारून दुरुस्त करते. तोवर तिच्या मते गेल्या वर्षीचा जानेवारी चालू असतो, आणि पास या मार्चचे. परत पाठवते. बरोबरच आहे तिचे. पास खरा, माणूस खरा, दिवस खोटा. मूर्ख आत बसला नव्हता, बाहेर होता.

म्हणजे मी प्लग काढला की डबीला दर वेळी तोच दिवस वाटतो, थोरला शेवटचा या घरात होता तो.

"आणि पास अडला की चित्र जुन्या रस्त्याने गेलं," बेबी म्हणाली. "मीच ठेवला होता तो."

"मग ते बरं झालं की वाईट?"

तेवढ्यात बाई आल्या. दोघी स्वयंपाकघरात हळू बोलत होत्या. कुकरच्या आवाजात थोडेच ऐकू आले. बेबी म्हणाली, "मला कुणीच सांगितलं नाही." बाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस." जिन्यातल्या दिव्याबद्दल असावे. तो सेक्रेटरी बंद करतात.

रविवार, २२ मार्च

११.०० थोरल्याचा फोन.

"आता हा विषय संपला. गुरुवारी मला सलग मीटिंग होती, नाहीतर दिसलंच असतं. नाना, तुम्ही इकडे. तिकीट काढतो."

बेबीने फोन जवळ ओढला.

"दादा, डबीची यादी आहे माझ्याकडे. कोण कधी बघायला आलं त्याची."

"कसली यादी?"

"पासांच्या आधीचीही आहे. चौदा महिन्यांची. वाचू का? नानांसमोर?"

मागे सूनबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग थोरला म्हणाला, "ॲपमध्ये काहीतरी गडबड असेल."

"असेल," बेबी म्हणाली.

"तुला काय वाटतं? राहू दे त्यांना तिथं?"

"मला वाटतं राहू दे."

"नानांची इच्छा असेल तर माझी काही हरकत नाही," थोरला म्हणाला. फार समजूतदारपणे बोलला. तब्येतीची चौकशी केली. सोफ्यावर पाय लांब करून बसा म्हणाला. हो म्हणालो.

मंगळवार, २४ मार्च

डबीत गोल सेल बसवला, शर्टाच्या बटणाएवढा. आता प्लग काढला तरी तारीख विसरणार नाही. दोन वाजता काढून बघितला, बेबीच्या देखत. पास चालला. उघडा रस्ता तिने कायमचा बंद केला. कपडे बदलायच्या कोपऱ्याला पडदा लावला आहे. ती म्हणाली, तुम्ही काही विचारू नका, तिकडेच बदला.

मग म्हणाली, "नाना, पास आणखी कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा. फाटक तुमचं."

मी म्हणालो, माझ्या हॉलचे चित्र कोणाला हवे असणार? बघण्यासारखे आहे काय? तरी पद्धतीने व्हावे म्हणून कागदावर रकाने आखून दिले: कोण, कशासाठी, किती ते किती.

आश्चर्य म्हणजे तासाभरात तीन अर्ज आले. बाईंनी 'कशासाठी'मध्ये लिहिले, "सवय." शिंप्याने लिहिले, "बायको विचारते." सेक्रेटरींनी आईच्या नावाने अर्ज केला आणि "बिल्डिंगचे हित" असे लिहिले. बाई आणि शिंपी यांना पूर्ण दिवस. सेक्रेटरींच्या आईंना चार ते सहा. वागणूक बघून वाढवू.

संध्याकाळी बेबीने यादी दाखवली. नाव, पासाची मुदत, शेवटचा कधी वापरला. बाई: आज ४.१०. शिंपी: आज ४.१२. बेबी: आज सकाळी. सेक्रेटरींच्या आई: आज ५.५९.

थोरला: आडवी रेघ.

बेबीने पान पुढे सरकवायला हात नेला. मी म्हणालो, थांब.

आडवी रेघ म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. एकतीस वर्षे मीच ओढत आलो. नियम असा होता की तीन महिने वापरला नाही तो पास रद्द. मी अधिकाऱ्यांचेही केले आहेत, विचारा कोणालाही.

"याची मुदत एकतीसला संपतेय," बेबी म्हणाली. "काय करू?"

"वाढव."

"कधीपर्यंत?"

"तारीख टाकू नकोस."

"यंत्राला तारीख लागतेच, नाना."

"मग त्यात मावेल तेवढी लांबची टाक."

तिने टाकली. कोणती ते मी बघितले नाही.

६.४० शिंपी शर्ट देऊन गेला. कॉलर छान उलटवली आहे, नवी दिसते. उद्या नऊला घालीन.